किती दिस, नर्सबाई?

बत्तीस वर्षांच्या नोकरीत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न औषधाचा नव्हता. "किती दिस, नर्सबाई?" हा होता. बाळंतिणीच्या सासूने विचारलं तर त्याचा अर्थ, घरी कधी सोडता. पाय मोडलेल्या माणसाने विचारलं तर, नांगर कधी धरू. आणि काही माणसं विचारत तेव्हा त्याचा एकच अर्थ असे. डॉक्टर वॉर्डाबाहेर गेले की हा प्रश्न यायचा. डॉक्टरांना विचारायची लोकांना भीती वाटे. आम्ही हातात भांडं घेऊन फिरणाऱ्या बायका. आमच्याशी बोलता येई.

उत्तर मला तेव्हा येत नव्हतं, आताही येत नाही. अस्वलाने डोक्याची कातडी सोललेला एक लाकूडतोड्या आमच्याकडे आला होता. आम्ही सगळ्यांनी आशा सोडली, आणि बाराव्या दिवशी तो बँडेजासकट, दवाखान्याच्या घोंगडीसकट, कुणाला न सांगता घरी निघून गेला. त्याच आठवड्यात साध्या तापाचा एक धडधाकट गाडीवान माझ्याशी पेजेवरून थट्टा करत होता. मी थर्मामीटर झटकून त्याच्याकडे वळले, तर तो गेलेला होता. तेव्हापासून माणसाच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवायचा मी सोडला. तरीही सोनबाच्या बाबतीत चुकलेच. किती आणि कुठे चुकले, हे अजून मला नीट सांगता येत नाही.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोलीचा वेगळा जिल्हा झाला नव्हता. मी पंचवीस वर्षांची, वर्ध्याकडची, नुकती नोकरीला लागलेली. वैनगंगेच्या अलीकडचं एक गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही. वीस खाटांचा दवाखाना आणि डॉक्टर एकच, पाठक. तरुण होते, प्रामाणिक होते, आणि बरेचसे एकटे होते.

सोनबा चैत्रात आला. साठीच्या आसपासचा उंच माणूस, आलापल्लीच्या पुढच्या जंगलातल्या एका गावचा धानवाला शेतकरी. बरोबर बायको, भागरथाबाई. तीन वाक्यं बोलला की सोनबाला धाप लागे. छातीची उजवी बाजू श्वासाबरोबर हलतच नव्हती. पाठकांनी तिथे बोटांनी वाजवून पाहिलं, तर भरलेल्या माठासारखा बद्द आवाज आला. म्हणाले, "पाणी झालंय."

फुफ्फुसाभोवती एक आवरण असतं, दोन पदरी. त्या पदरांच्या मध्ये पाणी साठलं की फुफ्फुस दबतं आणि माणूस घुसमटतो. मग पाठीतून, दोन बरगड्यांच्या मधून जाड सुई घालून ते पाणी काढावं लागतं. रोगी टेबलावर उशी ठेवून पुढे वाकून बसतो. डॉक्टर त्याच्या मागे. नर्स समोर, त्याचे दोन्ही हात धरून, कारण तो हलला तर सुई फुफ्फुसात जायची. त्यामुळे डॉक्टरला रोग्याची पाठ दिसते आणि नर्सला चेहरा. माझ्या नोकरीचं वर्णन कुणी एका वाक्यात मागितलं तर मी हेच सांगेन.

पहिल्या वेळी बाटलीभर पाणी निघालं. रंग फिक्कट तांबूस. सोनबाने मोठा श्वास घेतला आणि मला म्हणाला, "बाई, मले वाटलं का जलमलो पुन्ना."

छातीत पाणी म्हणजे क्षय, हे त्या काळचं गणित होतं आणि ते बहुतेक वेळा बरोबर यायचं. क्षयावर तेव्हा नुकती चांगली इंजेक्शनं मिळू लागली होती. पाठक उत्साहाने म्हणाले, "तीन महिने इंजेक्शनं घ्या. ठणठणीत होऊन घरी जाल."

क्षयाचे नियम मीच भागरथाबाईला समजावून सांगितले. त्याचा ताट-तांब्या वेगळा. उष्टं खायचं नाही. तोंडाजवळ तोंड न्यायचं नाही. खाटेपासून दोन हात लांब बसायचं. भागरथाबाई ठेंगणी, कोरड्या चेहऱ्याची बाई. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् रातच्याले पाय चेपून द्याचे असन त?"

"नको," मी म्हणाले.

ती मोजून दोन हात लांब जाऊन बसली. चाळीस वर्षांचा संसार झालेली बाई.

पाणी आठ दिवसांत पुन्हा भरलं. पुन्हा काढलं, पुन्हा भरलं. क्षयाचं पाणी असं वागत नाही. दोन-तीनदा काढलं की बहुधा आटतं. प्रत्येक वेळी तपासायला नमुना पाठवला, जंतू काही सापडले नाहीत. पाठक म्हणाले, "पाण्यात जंतू पुष्कळदा सापडत नाहीत." हेही खरं होतं. त्या दिवसांत जे जे कुणी बोललं ते सगळं खरंच होतं, आणि एकमेकांशी काही जुळत नव्हतं.

पाणी निघत असताना सोनबा बोलायचा. त्याला उशीवर हनुवटी टेकून बसावं लागे, मग माझ्याशीच बोलणार. तरुणपणी दुष्काळात मामाने त्याला जंगलातून उचलून दूरच्या एका रेल्वेच्या कारखान्यात नेलं होतं. तिथे त्याने वीस वर्षं काढली.

"काय काम करत होता, भाऊ?"

"इंजनाले रजई शिवत होतो."

मला वाटलं थट्टा करतोय. "म्हणजे?"

"इंजनाच्या पोटात आग असते न? ते बाहेर निंगू नये म्हनून पोटाले गुंडाराचं. दगडाचा कापूस राह्यते, बाई. आगीत टाका, जरत नाई. ते हातानं पिंजाचं, पान्यात कालवाचं अन् लिपाचं. जुना लेप ठोकून काढाचा. आटाचक्कीवानी सारं पांढरं. हे भागरथा म्हने, घरी भूत आलं." आणि तो हसला, तशी मागून पाठक ओरडले, "हलू नका!"

मी ऐकलं आणि विसरले. पाठकांनी तर ऐकलंच नव्हतं. केसपेपरावर धंद्याच्या रकान्यात 'शेती' लिहिलं होतं, आणि तेही खोटं नव्हतं. गावी परत येऊन शेती करायला लागून त्याला पंधरा वर्षं झाली होती.

ज्येष्ठात खरा पेच आला. त्या मुलखात एकदा मृग लागला की वाट बंद होते. वैनगंगेला पूर, पलीकडचे नाले भरलेले, बैलगाडी चालत नाही. ती वाट खुली होते दिवाळीच्या सुमाराला. म्हणजे जायचं तर आत्ता, नाहीतर चार-पाच महिने नाही. पाणी काढणारा माणूस तिकडे कुणी नव्हता.

सुई पाठीत असताना सोनबाने मला विचारलं, "खरं सांगजा, बाई. किती दिस? रोवनीले घरी असन का मी?"

रोवणी, म्हणजे धानाची लावणी, तोंडावर आली होती. मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, घाबरू देऊ नको अशी. मी म्हणाले, "रोवणीला नाही, भाऊ. पण कापणीला नक्की."

"कापनीले?"

"नक्की."

भागरथाबाईने वॉर्डाबाहेर मला गाठलं. "तुमी सांगा, राहू का नेऊ? त्याचा वावरात जीव हाये. पोरगी न् जवाई करतीन रोवनी, पन त्याले तिथी असाचं हाये."

"राहा," मी म्हणाले. पाणी आटत नाही हे मला दिसत होतं. पण नेलं तर वाटेतच घुसमटून मरेल हेही दिसत होतं. त्यातल्या त्यात कमी भीतीचं उत्तर मी दिलं. दोघं राहिली. आठ दिवसांत वाट बंद झाली.

आषाढात त्याच्या पाठीवर, जिथून सुई जात होती नेमकं तिथेच, एक गाठ आली. आधी बोरासारखी, मग लिंबाएवढी. पाठकांनी मला बाजूला बोलावून विचारलं, "सुया नीट उकळत होतात ना?"

उकळत होते. वीस मिनिटं, घड्याळ लावून. पण असं कुणी विचारलं की माणसाला आपलं घड्याळही खोटं वाटायला लागतं. एखाद्या दिवशी स्टोव्ह विझला असेल का? चिमटा कुठे टेकला असेल का? गाठीत पू नव्हता, ती गरम नव्हती, तरी मी रोज तिच्याकडे बघून स्वतःला अपराधी ठरवत होते. सोनबा मला म्हणायचा, "आज तोंड काऊन उतरलं, बाई?" त्याला काय सांगणार!

हा गुंता सुटायला मला वीस-बावीस वर्षं लागली. पुढे मोठ्या शहरातल्या दवाखान्यात असताना तसाच एक रोगी आला, तसंच पाणी, सुईच्या जागी तशीच गाठ. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला नाव सांगितलं, मेसोथेलिओमा. फुफ्फुसाचा नव्हे, त्याच्या आवरणाचा कॅन्सर. ॲस्बेस्टॉसच्या, म्हणजे सोनबाच्या दगडाच्या कापसाच्या धुळीने होतो, आणि धूळ छातीत गेल्यावर वीस-तीस-चाळीस वर्षांनी उगवतो. सुईच्या वाटेने गाठ उठणं हा त्या रोगाचाच गुण. सुई कितीही उकळा. मी त्यांना विचारलं, "अशा रोग्याला किती दिवस सांगायचे?" त्या म्हणाल्या, "बहुतेक वर्ष-दीड वर्षात जातात. काही दोन महिन्यांत. एखादा पाच-सहा वर्षंही काढतो. कोण कुठला, ते आधी ओळखता येत नाही." इतक्या वर्षांनी, इतक्या मोठ्या दवाखान्यात, उत्तर तेवढंच होतं.

पण तेव्हा आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. श्रावणात नागपूरचे एक मोठे डॉक्टर आमच्या भागात पाहणीला आले. त्यांनी सोनबाला तपासलं, गाठ दाबली, हातात बाटली घेऊन उजेडाला धरली. इंग्रजीत पाठकांना म्हणाले, हा क्षय वाटत नाही. कॅन्सर असावा, बहुधा आवरणाचा. पण आवरणाचा असा स्वतंत्र कॅन्सर असतो की नाही, यावरच जाणत्यांची भांडणं आहेत. पाठकांनी किती दिवस ते विचारलं. "भाद्रपद निघणार नाही," ते म्हणाले, आणि मोटारीत बसून गेले.

पाठकांनी दोन दिवस केसपेपर पुन्हा पुन्हा चाळला. मग म्हणाले, "क्षय नाहीच असं ते म्हणाले नाहीत. वाटत नाही म्हणाले. दोन्हीही असू शकतं. इंजेक्शनं चालू ठेवा. नियम तेच." त्यामुळे भागरथाबाई दोन हात लांबच राहिली. तिला जवळ बस म्हणावं, असं मला रोज वाटे. पण क्षय असला तर? तिची नात दोन वर्षांची होती. आजी घरी जाऊन तिला कडेवर घेणार होती. मी तोंड उघडलं नाही.

आणि सोनबा मरेना. भाद्रपद गेला. दसरा गेला. अंगावर मांस राहिलं नाही, गाठ मुठीएवढी झाली, पण दर आठ दिवसांनी उशीवर हनुवटी टेकून तो मला विचारायचा, "धान फुटलं असन आता, नाई?" पाठक हळूच म्हणाले, "कदाचित इंजेक्शनांचा गुण येतोय." मीही मानलं. मानावंसं वाटलं.

दिवाळीनंतर वाट खुली झाली तेव्हा सोनबा म्हणाला, "मी चाललो." त्याला कुणी अडवलं नाही. मी नदीच्या घाटापर्यंत गेले. चौघांनी त्याला बाजेसकट डोंग्यात ठेवलं. डोंगा हलला तशी भागरथाबाई पुढे सरकली आणि तिने त्याचं डोकं उचलून आपल्या मांडीवर घेतलं. घेताना माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे बघितलं.

तो पौषात गेला. धान कापून खळ्यात आलं होतं. माझं भाकीत तेवढं अक्षरशः खरं ठरलं होतं.

हे मला भागरथाबाईनेच येऊन सांगितलं, माघात. त्यासाठी ती दोन दिवसांची वाट तुडवून आली नव्हती. तिला कागद हवा होता.

"कसला कागद?"

"त्याले कोनती बिमारी होती, त्याचा. गाववाले म्हनते, खोकल्याची मोठी बिमारी होती. माह्या हातचं पानी कोनी पेत नाई. हिरीवर गेली त बाया बाजूले होतेत. पोरीच्या सासरच्याईनं नात नेली, पाठवत नाई. नर्सबाईनं लांब बसाले लावलं होतं म्हनते, म्हंजे तेच बिमारी. मी का सांगू, बाई?"

मी तिला घेऊन पाठकांकडे गेले. त्यांनी रजिस्टर उघडलं. त्यात क्षय लिहिलेलं होतं, त्यांच्याच हाताने. "काय लिहू?" ते मला म्हणाले. "नव्हता म्हणून लिहून दिलं आणि उद्या त्या नातीला खोकला लागला तर? होता म्हणायलाही पुरावा नाही. सिस्टर, मला माहीत नाही हो."

त्या माणसाबद्दल मला कधी राग आला नाही. माहीत नाही म्हणणारे डॉक्टर मी पुढेही फार पाहिले नाहीत.

कागद मिळाला नाही. मी चार दिवसांची रजा टाकली आणि भागरथाबाईबरोबर निघाले. का, ते मला तेव्हा समजलं नव्हतं. लांब बसायला लावणारी मी होते, तर जवळ बसून दाखवणं माझ्याकडे लागतं, एवढंच डोक्यात होतं. क्षय नव्हता अशी खात्री मला होती का? नव्हती. निम्मं मन म्हणे नव्हता. उरलेलं निम्मं बैलगाडीत भागरथाबाईशेजारी बसून तिच्या प्रत्येक खाकरण्याकडे कान लावून होतं.

गावात तिच्या अंगणात माणसं जमली. बायका कुंपणापाशी. मी मोठ्याने म्हणाले, "सोनबाभाऊंचा आजार उडून लागणारा नव्हता. मी चुकीचं सांगितलं होतं." मग मी भागरथाबाईला म्हणाले, "मला भूक लागली आहे."

तिने भात टाकला, मोहरीच्या भाजीचं पातळ केलं. पळसाच्या पानावर वाढलं. तिच्या माठातलं पाणी तिच्याच तांब्याने मी प्याले, तोंड लावून. सगळ्यांसमोर जेवले. घास गिळताना मला भीती वाटत होती, हे आज लिहायला हरकत नाही.

गावचा पाटील म्हातारा होता, बिडी ओढत बघत होता. माझं जेवण झाल्यावर म्हणाला, "बाई, तुमी खाल्लं, चांगलं केलं. पन तुमी त चाललं जाल. हे बिमारी आज खाल्लं न् उद्या मेलं अशी नाई. वरीसभरानं समजते. पुढच्या साली याच दिसात येऊन दाखवा, जित्या. मंग आमी पिऊ पानी."

लोकांनी माना डोलावल्या. बोलणं रास्त होतं. मी "येते" म्हणाले.

ते वर्ष मी विसरणार नाही. दर रविवारी दवाखान्याच्या काट्यावर मी वजन करायची. संध्याकाळी अंग कोमट वाटलं की थर्मामीटर लावायची. श्रावणात मला खोकला झाला तेव्हा पंधरा दिवस मी मैत्रिणीच्या शेजारी बसून जेवले नाही. एकदा पाठकांनी मला काट्यावर पाहिलं. दुसऱ्या दिवशी मला बोलावून त्यांनी माझी छाती पुढून-मागून, अर्धा तास, तपासली. मी विचारलं, "काय?" म्हणाले, "काही दिसत नाही." आणि मग, "आज तरी." माझ्या तोंडावर तोच प्रश्न आला होता, सगळ्यांचा. मी गिळला.

माघात मी पुन्हा गेले. वजन दोन शेर वाढलेलं होतं. वाटभर मला त्याचा गर्व होता. गावात शिरले तर मांडव पडलेला, कुणाचं तरी लग्न. मांडवामागे चुलाण्यावर मोठा हंडा, आणि त्यापाशी पदर खोचून भागरथाबाई, हातात कढईएवढा झारा. तिच्या कमरेला एक पोरगी चिकटलेली. पंगतीत सगळं गाव बसलेलं होतं आणि भात तीच वाढत होती.

पाटलांनी मला ओळखायला वेळ लावला. "दवाखान्याच्या बाई काय? या, बसा जेवाले."

"मी आले दाखवायला," मी म्हणाले. "मागच्या वर्षी तुम्ही म्हणाला होतात ना."

"मी? का म्हनलो होतो?"

शेजारचा एक जण हसून म्हणाला, "ते पान्याचं असन. अवो बाई, रोवनीच्या दिसात पान्यात उभं राहून कोन कोनाचा तांब्या पायते? सारेच पेले."

नात लेकीच्या सासरच्यांनी भर पावसाळ्यातच परत पाठवली होती. तिथे दुसरं बाळ झालं होतं आणि हिला सांभाळायला कुणी नव्हतं. माझी वाट कुणी पाहिली नव्हती. मी पंगतीच्या टोकाला बसले. हसावं की रडावं ते मला कळेना.

भागरथाबाई वाढत वाढत माझ्यापाशी आली. भात वाढायच्या आधी ती खाली बसली, झारा भाताच्या टोपलीत तसाच ठेवला, आणि माझं तोंड दोन्ही हातांनी धरून उजेडाकडे वळवलं. डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या. दंड दाबून बघितला.

"चांगल्या हायेत," ती म्हणाली. मग हळूच, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं, "मी एकेक दिस मोजत होती, बाई. तुमाले जेऊ घातलं न् मंग मले भेव लागला. मलेच कुठी मालूम होतं, त्याले का होतं त."